स्पोर्ट्स कारमध्ये पेट्रोल भरताना नोझल सारखं कट होतं: बिघाड कुठे शोधायचा?

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. दोन सीटांची स्पोर्ट्स कार आहे, इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना. काही वर्षं जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली. पेट्रोल भरताना दर दोन-तीन लिटरला नोझल ऑटो-कट होतं. पंप बदलून पाहिले, फरक नाही. लिव्हर अगदी हलकं दाबून धरलं तर टाकी भरते, पण वेळ इतका लागतो की मागचे हॉर्न वाजवायला लागतात. गाडी पळते छान, डॅशबोर्डवर दिवा नाही. एक मेकॅनिक म्हणतो कॅनिस्टर (टाकीतली पेट्रोलची वाफ शोषणारा कोळशाचा डबा) बदला, दुसरा म्हणतो अख्खी टाकीच बदला. तर आधी काय बदलावं?

आधी काहीच बदलू नका. या तक्रारीच्या गाड्या माझ्याकडे येतात तेव्हा बऱ्याचदा कॅनिस्टर आधीच नवा बसवलेला असतो आणि तक्रार जशीच्या तशी असते. कारण सोपं आहे. पेट्रोल आत जायला अडचण येते ती बहुतेक वेळा आतली हवा बाहेर पडत नाही म्हणून. ही हवा कुठे अडते ते शोधल्याशिवाय भाग बदलणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

आपण जिला रिकामी टाकी म्हणतो ती हवेने आणि पेट्रोलच्या वाफेने भरलेली असते. जितकं पेट्रोल आत जाईल तितकीच वाफ त्याच वेळी बाहेर पडायला हवी. अमेरिकेत पंपाच्या नोझलला मिनिटाला १० गॅलन, म्हणजे साधारण ३८ लिटर, अशी कमाल मर्यादा आहे. त्या वेगाने भरायचं तर टाकीतून दर सेकंदाला अर्ध्या लिटरहून जास्त हवा निघाली पाहिजे. चिंचोळ्या तोंडाची बाटली पूर्ण सोडलेल्या नळाखाली धरली की पाणी उसळून बाहेर येतं, बारीक धारेखाली धरली की ती निमूट भरते. तुमचं हलकं दाबलेलं लिव्हर म्हणजे ती बारीक धार. हवेची वाट पूर्ण बंद असती तर हळू भरूनही टाकी भरली नसती. म्हणजे वाट आहे, पण अरुंद झाली आहे. तुमच्या वर्णनातली ही सगळ्यांत उपयोगी माहिती.

आता नोझल कट का होतं ते बघू, कारण पुढची सगळी तपासणी त्यावर उभी आहे. नोझलला टाकी किती भरली हे कळत नसतं. त्याच्या टोकाजवळ एक बारीक भोक असतं. नोझलमधून पेट्रोल वाहताना व्हेंचुरीमुळे, म्हणजे अरुंद भागातून वेगाने जाणाऱ्या पेट्रोलच्या ओढीमुळे, त्या भोकातून सतत थोडी हवा ओढली जाते. भोक पेट्रोलने झाकलं गेलं की हवा मिळत नाही, आतला पडदा खेचला जातो, खटका सुटतो आणि लिव्हर ढिलं पडतं. सगळं यांत्रिक काम. त्यामुळे टाकी काठोकाठ भरली, पाइपमध्ये फेस उसळला किंवा नुसता एक शिंतोडा भोकावर आला, या तिन्हींत नोझलला फरक कळत नाही. बऱ्याच नोझलमध्ये शिवाय एक छोटी गोळी असते, टोक वर झालं की तीही खटका पाडते. स्पोर्ट्स कारचं फिलरचं, म्हणजे पेट्रोल भरायचं, तोंड कधी मडगार्डवर जवळजवळ आडवं असतं, कधी बंपरच्या उंचीला. तिथे नोझल नेहमीच्या कोनात बसत नाही.

म्हणून पहिली तपासणी फुकटची. नोझल पूर्ण आत घालून मग बोटभर मागे घ्या. तरीही कट झालं तर ते पाव फेरा फिरवून धरा, मग अर्धा फेरा. एखाद्या स्थितीत पूर्ण दाबून पेट्रोल सुरळीत गेलं, तर अडचण फिलर पाइपच्या तोंडाशी आहे: धार एखाद्या वळणावर किंवा झडपेवर आदळून उलटी उडते आहे. कोणत्याच स्थितीत फरक पडला नाही, तर अडचण खाली आहे. बिनटोपणाच्या फिलरमध्ये दोन झडपा असतात, तिथे नोझल पुरतं आत गेलं नाही तर दुसरी झडप अर्धवट उघडते आणि नेमकी हीच तक्रार येते. आणि हो, इंजिन बंदच हवं. सुरक्षिततेसाठी तर हवंच, पण इंजिन चालू असताना काही गाड्या वाफेची गळती तपासायला व्हेंट व्हॉल्व्ह (टाकीतली हवा बाहेर सोडणारी झडप) स्वतःहून बंद करतात. त्या क्षणी पेट्रोल भरत असाल तर नोझल कट होणारच.

कट नेमकं कधी होतं, यातून मला सर्वांत जास्त कळतं. माझ्या गॅरेजमध्ये गाडीचं बॉनेट उघडण्याआधी मी हेच विचारतो.

टाकी रिकामी असतानाही पहिल्या काही सेकंदांतच खटका पडतो आणि तोंडातून पेट्रोल उडतं, असं असेल तर फिलर पाइप आणि त्याच्या खालच्या टोकाचा चेक व्हॉल्व्ह पाहावा. टाकीतलं पेट्रोल उलटं वर येऊ नये म्हणून तिथे एकतर्फी झडप असते. तिची स्प्रिंग गंजली किंवा झडप अर्धवट चिकटली की पाइपमध्येच पेट्रोल तुंबतं.

दोन-तीन लिटर नीट जातात, मग कट. अर्धा मिनिट थांबलं की पुन्हा दोन-तीन लिटर, पुन्हा कट. हा दाब साठण्याचा नमुना आहे. वाफ निघते, पण सावकाश. थांबलं की दाब उतरतो. तुमचं वर्णन याच गटात बसतं.

अर्धी टाकी व्यवस्थित भरते आणि तिथून पुढे कटकट सुरू होते, हा प्रकार खास स्पोर्ट्स कारचा. गाडी बुटकी, इंजिन-गिअरबॉक्सला जागा द्यायची, त्यामुळे टाकी उरलेल्या जागेत कोंबलेली असते. पोर्श ९११ मध्ये ती पुढे असते, मध्यभागी इंजिन असलेल्या बऱ्याच गाड्यांत सीट आणि इंजिनच्या मधे. १९९७ ते २००४ च्या सी५ कॉर्व्हेटमध्ये तर दोन बाजूंना दोन टाक्या आणि मधे जोडनळी आहे. मागच्या चाकांवर चालणाऱ्या पुष्कळ गाड्यांत ड्राइव्ह शाफ्टला (इंजिनची ताकद मागे नेणाऱ्या दांड्याला) वाट देण्यासाठी टाकीच्या तळाला मधे उंचवटा असतो, म्हणजे खाली दोन कप्पे होतात. पेट्रोल आधी एका कप्प्यात भरतं, मग उंचवट्यावरून दुसरीकडे ओसंडतं. दुसऱ्या कप्प्यातल्या हवेची वाट तुंबलेली असेल तर पहिला कप्पा भरेपर्यंत काहीच जाणवत नाही. म्हणून तुमच्या गाडीत कट रिकाम्या टाकीपासून होतं की अर्ध्यानंतर, हे एकदा काटा अगदी खाली असताना नक्की करून घ्या. तुम्ही लिहिलेलं नाही, आणि त्यावर बरंच अवलंबून आहे.

फक्त शेवटच्या पाच-सात लिटरला त्रास होत असेल, तर बऱ्याचदा तो बिघाडच नसतो. पेट्रोल तापून फुगतं, त्यासाठी टाकीत वर जागा राखलेली असते. ठरावीक पातळीला तरंगता व्हॉल्व्ह हवेची वाट बंद करतो आणि नोझल कट होतं. तो व्हॉल्व्ह आपलं काम करतो आहे. गाडी उतारावर तिरकी उभी असेल तर हे लवकर होतं, इतकंच.

आता कॅनिस्टरकडे. तो बदलण्याचा सल्ला बरोबर की चूक, हे गाडी मुळात कोणत्या बाजारासाठी बनली यावर ठरतं. टाकीतून निघालेली वाफ कुठे जाते, याच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत फिलर पाइपला समांतर एक बारीक नळी असते, तिच्यातून भरतानाची वाफ परत तोंडापाशी येते आणि नोझलच्या बाजूने बाहेर पडते. दुसरीत ती वाफ वातावरणात सोडायची नसते. फिलर पाइप मुद्दाम अरुंद ठेवतात, म्हणजे वाहत्या पेट्रोलनेच तो सील होतो. सगळी वाफ मोठ्या कोळशाच्या कॅनिस्टरमधून जाते, कोळसा पेट्रोलची वाफ शोषून घेतो आणि स्वच्छ हवा व्हेंटमधून बाहेर पडते. अमेरिकेत ही दुसरी पद्धत १९९८ च्या मॉडेलपासून टप्प्याटप्प्याने आली आणि २००० च्या मॉडेलपर्यंत सगळ्या नव्या प्रवासी कारना लागू झाली. एकाच गाडीच्या दोन देशांतल्या आवृत्त्यांत त्यामुळे नळ्यांची मांडणी वेगळी असू शकते.

पहिल्या प्रकारच्या गाडीत भरतानाची बहुतेक वाफ कॅनिस्टरमधून जातच नाही. तिथे तो बदलून पेट्रोल भरण्यात फारसा फरक पडणार नाही. बघायची ती समांतर नळी. दुसऱ्या प्रकारात मात्र टाकीपासून व्हेंटच्या शेवटच्या टोकापर्यंत कुठेही अडथळा आला तर नोझल कट होतं. कॅनिस्टर हा त्या वाटेवरचा फक्त एक टप्पा. चेसिस नंबरवरून पार्ट कॅटलॉगमधली इंधन टाकीची आकृती काढा, दहा मिनिटांत कळेल तुमची गाडी कोणती.

वाट तपासताना मी टाकीकडून सुरुवात करत नाही, उलट्या टोकाकडून करतो. व्हेंटचं उघडं तोंड बहुतेक वेळा मागच्या चाकाच्या आसपास, प्लॅस्टिकच्या आच्छादनाआड असतं आणि चाकाने उडवलेली धूळ-चिखल पहिला तिथेच बसतो. काही गाड्यांत त्या तोंडाला छोटा फिल्टर असतो. तो वर्षानुवर्षं कुणी बघतही नाही, कारण सर्व्हिसच्या यादीत तो सहसा नसतोच. मग कीटक. कुंभारीण माशी अशा नळीच्या तोंडात मातीचं घर बांधते. कोळ्यांची गोष्ट तर नोंदलेली आहे: २०११ मध्ये माझ्दाने अमेरिकेत माझ्दा ६ या गाड्या परत बोलावल्या, कारण पिवळा कोळी व्हेंटच्या नळीत जाळं विणत होता आणि त्यामुळे टाकीत निर्वात होऊन तिला तडा जाण्याची शक्यता होती. ती स्पोर्ट्स कार नव्हे, पण नळी सगळीकडे सारखीच. महिनोन्‌महिने झाकून ठेवलेल्या गाड्यांत मी हे आधी तपासतो. स्पोर्ट्स कार उभ्याच जास्त असतात.

त्यानंतर व्हेंट व्हॉल्व्ह. हा विजेवर चालणारा व्हॉल्व्ह इग्निशन बंद असताना उघडा असायला हवा. काढून हातपंपाने हवा सोडून पाहा. सहज गेली पाहिजे. १२ व्होल्ट दिले की बंद झाला पाहिजे, काढले की लगेच उघडला पाहिजे. गंजून अर्धवट अडकलेला व्हॉल्व्ह नेमका तुमच्यासारखा त्रास देतो, आणि विजेची जोडणी ठीक असल्याने कित्येकदा दिवाही लागत नाही. तोंडाने फुंकून बघू नका, त्या वाफा छातीत घ्यायच्या नसतात.

मग नळ्या, आणि तुमची गाडी दुसऱ्याकडून घेतलेली असल्यामुळे माझा सगळ्यांत जास्त संशय इथे आहे. आधीच्या मालकाने सायलेन्सर बदलला का? गाडी खाली बसवली का? मागून ठोकर लागून दुरुस्ती झाली का? टाकी उतरवून पेट्रोल पंप बदलला का? यातलं काहीही झालं असेल तर कुठेतरी नळी पिचलेली, दुमडलेली किंवा क्लिपमधून निसटून लोंबकळलेली असू शकते. लोंबकळणारी नळी फसवी असते. बाहेरून धडधाकट दिसते, पण खाली आलेल्या झोळात पेट्रोल साचतं आणि वाफेची वाट अडवतं. दाब वाढला की बुडबुडे काढत थोडी वाफ निघते, पुन्हा अडते. नळी वर उचलून क्लिपमध्ये बसवली की काम संपलं, नवा भाग शून्य. हात फिरवून पूर्ण लांबी चाचपायची, नुसती बॅटरी मारून बघायची नाही.

हे सगळं नीट निघालं, तर आता कॅनिस्टर. त्याच्या टाकीकडच्या आणि व्हेंटकडच्या तोंडातून हवा सहज जाते का ते पाहायचं. उचलून जड लागला, हलवल्यावर आत पेट्रोल डुचमळलं किंवा कोळशाचे काळे कण बाहेर पडले, तर तो गेला. पण तो का गेला हे विचारल्याशिवाय नवा बसवू नका. नेहमीचं कारण म्हणजे ऑटो-कट झाल्यावरही आणखी दोन-चार खटके मारून काठोकाठ भरण्याची सवय. पातळी तरंगत्या व्हॉल्व्हच्या वर ढकलली की द्रव पेट्रोल वाफेच्या नळीत शिरतं आणि कोळसा भिजतो. भिजलेल्या कोळशातून हवा नीट जात नाही, आणि त्याचे कण सुटले तर ते व्हॉल्व्हमध्ये जाऊन अडकतात. मग कॅनिस्टर नवा आणि व्हॉल्व्ह जुनाच कण भरलेला, अशी अवस्था होते. ‘नवा टाकूनही फरक नाही’ म्हणत येणाऱ्यांत हे हमखास सापडतं.

एक घोळ इथेच मिटवतो. पेट्रोल भरल्यानंतर गाडी सुरू व्हायला नखरे करते, ही वेगळी तक्रार. तिथे बहुधा इंजिनकडचा पर्ज व्हॉल्व्ह (कॅनिस्टरमधली वाफ इंजिनकडे सोडणारा) उघडा राहिलेला असतो आणि ताजी वाफ थेट इंजिनमध्ये जाते. भरताना नोझल कट होण्याशी त्या व्हॉल्व्हचा सहसा संबंध नसतो. दोन्ही त्रास एकत्र असतील तर मात्र कोळशाचे कण दोन्हीकडे पोचल्याचा संशय घ्यावा. दिवा नसला तरी स्कॅनर लावून घ्या, साठवलेले बिघाडाचे कोड मिळू शकतात. पी०४४६ व्हेंटच्या नियंत्रणाबद्दल असतो, पी०४४१ पर्जच्या प्रवाहाबद्दल. पी०४५५ मोठ्या गळतीचा. तो एकटाच असेल तर आधी टोपणाचं रबर बघा. कोड फक्त दिशा देतो. कुठली नळी ते सांगत नाही.

भरण्याआधी टोपण उघडताना कान द्या. हलका फुस्स आवाज सामान्य आहे, गरम दिवशी जरा जास्तही. जोराचा फुत्कार येत असेल किंवा टोपण आत ओढल्यासारखं घट्ट बसलेलं असेल, तर गाडी चालतानाही टाकीला श्वास घेता येत नाही. मग काम पुढे ढकलू नका. निर्वात झालेली प्लॅस्टिकची टाकी आत ओढली जाते आणि पेट्रोल पंपावरही ताण येतो. प्लग-इन हायब्रिड स्पोर्ट्स कारचा हिशेब निराळा: टाकी मुद्दाम दाबाखाली बंद ठेवलेली असते, आधी बटण दाबायचं, दाब उतरल्यावरच झाकण उघडतं. तिथला फुत्कार बघून घाबरू नये.

घरी काय करावं आणि काय नाही? नोझल फिरवून पाहणं, टोपणाचा आवाज ऐकणं, चाकाआडचं व्हेंटचं तोंड साफ आहे का बघणं, इतकं कुणीही करावं. फिलर पाइपमध्ये तार किंवा स्क्रू-ड्रायव्हर घालून झडप मोकळी करायच्या भानगडीत पडू नका. झडप तुटून टाकीत पडली तर खरंच टाकी उतरवावी लागते. कॉम्प्रेसरची हवा टाकीत मारू नका. वाफेच्या नळ्यांची तपासणी धुराच्या यंत्राने करतात आणि ती अर्ध्या पीएसआयपेक्षाही कमी दाबाने. टायर भरायची हवा त्याच्या कैक पट असते. नळ्या सोडायचं काम मोकळ्या हवेशीर जागेत, ठिणगीपासून दूर, माहीतगार माणसाकडूनच व्हावं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत पसरते आणि दूरवरची ठिणगी पकडते.

मेकॅनिकला ‘पेट्रोल भरत नाही, बघा’ एवढंच सांगू नका. सांगा, की टाकी किती भरलेली असताना कट होतं, थांबल्यावर पुन्हा किती लिटर जातं आणि टोपण उघडताना कसा आवाज येतो. मग एक चाचणी करायला सांगा: व्हेंट व्हॉल्व्ह कॅनिस्टरपासून तात्पुरता वेगळा करून पूर्ण वेगाने पेट्रोल भरून पाहायचं. आता सुरळीत भरलं तर दोष व्हॉल्व्हमध्ये किंवा त्याच्या पुढे, व्हेंटच्या तोंडाकडे. फरक पडला नाही तर दोष कॅनिस्टरमध्ये किंवा टाकीच्या बाजूला, आणि टाकीकडचा पुढचा सांधा सोडून हीच चाचणी. ही चाचणी पंपावर गर्दीत करायची नाही, कारण त्या वेळी वाफ उघड्यावर सुटते. गॅरेजवाल्याने त्याच्या सोयीने, काळजी घेऊनच करायची. प्रत्येक सांध्यागणिक तपासायची वाट कमी होत जाते आणि अडथळा सापडतो.

टाकी बदला म्हणणारा तुमचा दुसरा मेकॅनिक पूर्ण चुकीचा असेलच असं नाही. काही गाड्यांत चेक व्हॉल्व्ह आणि तरंगता व्हॉल्व्ह टाकीतच वितळवून जोडलेले असतात, सुटे मिळत नाहीत. दोष तिथेच निघाला तर टाकी हाच सुटा भाग. पण व्हेंटचं तोंड, व्हॉल्व्ह, नळ्या आणि कॅनिस्टर या क्रमाने सगळं मोकळं असल्याचं त्याने दाखवलं, तरच ते मान्य करा. आणि टाकी उतरवण्याची वेळ आलीच, तर वरच्या बाजूच्या सगळ्या रबरी नळ्या आणि क्लिपा त्याच वेळी नव्या घालून घ्या. तिथे पुन्हा हात पोचणार नाही.